पापणीची दोन मिलिमीटरची कड

दादरच्या दवाखान्यात खुर्चीत बसल्या बसल्या लोक आधी पिशवीतून थेंबांच्या बाटल्या काढून टेबलावर मांडतात. तीन, चार, कधी सहा. तक्रार बहुतेकांची सारखीच असते. सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, डोळ्यात कचरा गेल्यासारखं खुपतं, चुरचुरतं, कडा लालसर दिसतात, आणि थेंब घातले की दोन दिवस बरं वाटून पुन्हा तेच सुरू होतं. ‘डोळे आलेत का हो?’ हा प्रश्न ठरलेला. डोळे येतात तेव्हा पांढरा भाग लालभडक होतो, पाणी किंवा चिपडं भराभर येतात, आणि साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत ते ओसरतं. इथे डोळा त्यामानाने शांत असतो आणि पापणीची कड महिनोन्‌महिने धुमसत असते. याला ब्लेफरायटिस म्हणतात, म्हणजे पापण्यांच्या कडांचा दाह. आम्ही ऑप्टोमेट्रिस्ट मंडळी नेत्रतज्ज्ञांच्या हाताखाली या रुग्णांची तपासणी करतो आणि घरी काय करायचं ते शिकवतो. पहिल्या भेटीपासून तिसऱ्या भेटीपर्यंत हे सगळं कसं चालतं, ते इथे लिहितो आहोत.

तपासणीच्या दिवशी काजळ, मस्कारा लावून येऊ नये आणि निघण्यापूर्वी थेंब घालू नयेत. चेहरा घासून धुवूनही येऊ नये. पापण्यांवरचा कोंडा आम्हाला जसाच्या तसा पाहायचा असतो. पुष्कळ जण डॉक्टरांकडे जायचं म्हणून डोळे स्वच्छ करून येतात आणि नेमका पुरावा घरच्या बेसिनमध्ये वाहून गेलेला असतो.

हनुवटी स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डोळे तपासायच्या दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाच्या, पट्टीवर, कपाळ वरच्या पट्ट्याला टेकलेलं. प्रकाशाची अरुंद फट आधी कडेवर टाकायची, बुबुळावर नंतर. पापणी बाहेरून आत कशी रचलेली आहे ते इथे माहीत असावं लागतं. सगळ्यांत बाहेर त्वचा, अंगावरची सगळ्यांत पातळ, मिलिमीटरभरही जाड नसलेली. म्हणूनच जरासा दाह झाला तरी पापणी टम्म फुगते. तिच्याखाली डोळा मिटणारा गोलाकार स्नायू. त्याच्या आत टार्सल प्लेट, म्हणजे घट्ट तंतूंची पट्टी. वरच्या पापणीत तिची उंची सुमारे १० मिलिमीटर, खालच्या पापणीत त्याच्या निम्मी. पापणीला आकार आणि ताठपणा देते ती हीच. आणि सगळ्यांत आत, डोळ्याला घासणारा ओलसर, गुलाबी पातळ पडदा, कंजंक्टायव्हा. तोच पुढे वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पसरतो.

या सगळ्या थरांचा शेवट होतो तो कडेवर. कड जेमतेम दोन मिलिमीटर रुंद आहे, पण दोन वेगळे शेजारी तिथे राहतात. पुढच्या बाजूला पापणीचे केस, वर दीडशेच्या आसपास, खाली त्याच्या निम्मे. प्रत्येक केसाच्या मुळाशी झाइसच्या तेलग्रंथी, आणि शेजारी मोलच्या घामाच्या ग्रंथी. मागच्या बाजूला मायबोमियन या तेलग्रंथींची तोंडं, एका रांगेत टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. वर ३० ते ४०, खाली २० ते ३०. या ग्रंथी टार्सल प्लेटच्या आत उभ्या, एकमेकींना समांतर असतात. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, त्यावरून हे नाव पडलं. दोन रांगांच्या मध्ये एक करडी रेघ दिसते. ती रेघ सापडली की दाह पुढचा आहे की मागचा, हे ठरवता येतं. बऱ्याच वेळा दोन्ही असतात.

आधी केस. मुळाशी काय चिकटलंय ते नीट पाहायचं. केसाभोवती कडक, ठिसूळ खपल्या असतील, आणि खपली निघाली की खाली बारीकशी जखम किंवा रक्ताचा ठिपका दिसत असेल, तर संशय स्टॅफिलोकॉकस जिवाणूंवर जातो. खपल्या मऊ, तेलकट, पिवळसर आणि केसांना केस चिकटवणाऱ्या असतील तर मी लगेच डोक्यातल्या कोंड्याबद्दल विचारते. भुवया आणि नाकाच्या कडेलाही तोच कोंडा सापडतो. तिसरा प्रकार सहज निसटतो. रुग्णाला खाली बघायला सांगायचं. वरच्या पापणीचे केस मुळापासून दिसू लागतात आणि काही केसांच्या तळाशी काचेच्या नळीसारखं पारदर्शक वेष्टण दिसतं. ते डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म किड्याचं लक्षण. किडा स्वतः मिलिमीटरच्या तिसऱ्या भागाएवढा आणि केसाच्या मुळात डोकं खाली करून राहणारा, त्यामुळे तो दिसत नाही, त्याचं वेष्टण तेवढं दिसतं. हे ऐकून लोक दचकतात. वय वाढेल तसा तो पुष्कळ माणसांच्या चेहऱ्यावर असतोच आणि त्याचा घरच्या स्वच्छतेशी संबंध लावू नये, हे आम्ही त्याच वेळी सांगतो. लहान मुलांच्या पापण्यांना मात्र केसाला घट्ट चिकटलेले चकचकीत दाणे दिसले तर ती उवांची अंडी असू शकतात. त्याचे उपचार वेगळे.

मग अश्रूंचा थर. फ्लुरेसिन या रंगाची नारिंगी पट्टी सलाइनच्या थेंबाने भिजवून खालच्या पापणीच्या आत जेमतेम टेकवायची, दोन-तीनदा पापणी मिटून उघडायला लावायची, आणि निळ्या प्रकाशात पाहत सेकंद मोजायचे. डोळ्यावर हिरवट, एकसारखा थर दिसतो. त्यात पहिला काळा डाग पडेपर्यंत किती सेकंद गेले, हा आकडा. १० च्या वर असेल तर ठीक. या रुग्णांमध्ये चार-पाच सेकंदांतच थर फाटतो. ही चाचणी पापणी दाबण्याच्या आधीच करावी लागते, कारण दाबलं की तेल बाहेर येतं आणि आकडा फसवा मिळतो. नवशिक्यांकडून इथेच क्रम चुकतो.

थर का फाटतो? अश्रू म्हणजे नुसतं पाणी नाही. कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, चिकटून राहणारा चिकट म्युसिन, त्यात मिसळलेलं पाणी आणि सगळ्यांत वर तेलाची साय. ही साय मायबोमियन ग्रंथींतून येते आणि पाण्याला उडून जाऊ देत नाही. तेल कमी पडलं की पाणी उडतं, कॉर्निया कोरडा पडतो, त्या चुरचुरण्याने अश्रुग्रंथी भसकन पाणी सोडते आणि ते गालावर ओघळतं. ‘माझ्या डोळ्यांतून तर सारखं पाणी येतं, कोरडे कसे?’ याचं उत्तर हेच आहे. नजर मधूनच धूसर होऊन पापणी मिटल्यावर साफ होते, तेही यामुळेच. डोळ्यात शिरणारा प्रकाश पहिल्यांदा वळतो तो अश्रूंच्या या पृष्ठभागावर, आणि तोच खडबडीत झालेला असतो.

आता दाबणं. ‘काकू, वर बघा. वरच बघत राहा, थोडं दाबल्यासारखं वाटेल.’ खालच्या पापणीच्या मधोमध, कडेच्या जरा खाली, अंगठ्याने किंवा कापसाच्या काडीने हळू दाब द्यायचा आणि स्लिट लॅम्पमधून ग्रंथींच्या तोंडांकडे पाहायचं. निरोगी पापणीत तोंडातोंडावर तेलाचा स्वच्छ थेंब उमटतो, फोडणीच्या तेलासारखा पारदर्शक. दाह असला की थेंब गढूळ येतो, मग कणीदार. आणि जुन्या आजारात तोंडावर आधी काहीच येत नाही. दाब पाच-सात सेकंद तसाच ठेवला की ट्यूबमधून टूथपेस्ट यावी तशी पांढरट, वळलेली दोरी हळूहळू बाहेर पडते आणि तिथेच उभी राहते. स्लिट लॅम्पला कॅमेरा जोडलेला असेल तर हे दृश्य आम्ही रुग्णाला पडद्यावर दाखवतोच. एकदा ती दोरी पाहिली की शेक कशासाठी घ्यायचा हे फारसं समजवावं लागत नाही. थंडीत खोबरेल थिजतं आणि बाटली उन्हात ठेवली की पातळ होतं, हे प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. इथे तेच करायचं आहे.

या आजारात थेंब आणि मलम हे मदतनीस आहेत. मुख्य काम घरी, स्वतःच्या हातांनी करायचं असतं. शेक, मालिश, सफाई, याच क्रमाने. पहिला महिना दिवसातून दोनदा, रात्री झोपण्यापूर्वी आणि सकाळी अंघोळीच्या वेळी. सगळं मिळून १५ मिनिटं लागतात.

शेक सर्वाधिक फसतो. पापणीच्या आतलं घट्ट तेल वितळायला तिथलं तापमान सुमारे ४० अंश सेल्सियसपर्यंत जावं लागतं आणि काही मिनिटं टिकावं लागतं. लोक गरम पाण्यात रुमाल बुडवतात, पिळतात, डोळ्यावर ठेवतात आणि पाच मिनिटं तसाच ठेवतात. ओला रुमाल पंख्याखाली दोनच मिनिटांत कोमट होतो आणि पुढची तीन मिनिटं डोळ्यावर नुसतं ओलं फडकं असतं. रुमालच वापरायचा तर दोन घ्या, शेजारी थर्मासमध्ये गरम पाणी ठेवा आणि दर दोन मिनिटांनी रुमाल बदला. एकूण ८ ते १० मिनिटं. त्याहून सोपी तांदळाची पुरचुंडी. स्वच्छ सुती मोज्यात किंवा दुहेरी कापडात मूठ-दोन मूठ कच्चे तांदूळ बांधून मायक्रोवेव्हमध्ये २० सेकंद गरम करायचे, हलवून मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहायचं, आणि सुखद गरम वाटलं तरच मिटलेल्या डोळ्यांवर, खाली एक ओलसर पातळ कापड घालून ठेवायचं. मनगटाला सोसत नसेल तर पापणीला मुळीच सोसणार नाही. तव्यावर तापवलेला रुमाल आम्ही सांगत नाही. त्याची एक घडी निवलेली आणि दुसरी चटका देणारी असते, आणि पापणीची कातडी भाजायला वेळ लागत नाही. पुरचुंडी नुसती ठेवायची, डोळ्यावर दाबायची नाही.

शेक संपला की लगेच मालिश, तेल परत थिजायच्या आत. हात साबणाने धुतलेले, नखं कापलेली. ग्रंथी उभ्या आहेत, म्हणून बोटही उभंच फिरलं पाहिजे, आणि दिशा नेहमी कडेकडे. वरच्या पापणीवर खाली बघत वरून खाली, खालच्या पापणीवर वर बघत खालून वर. नाकापासून कानाकडे पाच जागा धरायच्या, प्रत्येक जागी पाच वेळा. गोल गोल चोळण्याने तेल कुठेच जात नाही. जोर किती? पिकलेल्या टोमॅटोची साल न फाटता तो जरासा दबेल इतका. काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा डोळ्याची इतर कुठलीही शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोळ्याभोवती दाब द्यायचा नाही.

मग सफाई. तयार मिळणारे लिड वाइप्स किंवा फोम सगळ्यांत सोयीचे. खर्च परवडत नसेल तर उकळून कोमट केलेल्या अर्ध्या कप पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचे तीन-चार थेंब, रोज ताजं. इअरबड त्यात बुडवून निथळू द्यायची. खालची पापणी बोटाने थोडी ओढून, आरशात बघत, केसांच्या मुळाशी आडवी दहा-पंधरा वेळा फिरवायची. वरच्या पापणीसाठी डोळा मिटून पापणी थोडी वर ताणायची. प्रत्येक डोळ्याला वेगळी काडी. नंतर साध्या पाण्याने धुवायचं. इथे एक चूक वारंवार दिसते. काडी केसांच्या टोकांवर फिरते आणि मुळं तशीच राहतात. खपल्या मुळाशी आहेत. शाम्पूने चुरचुरत असेल किंवा कोरडेपणा वाढला असेल तर तो बंद करून वाइप्सकडे वळायचं. डेमोडेक्स असेल तर टी ट्री तेलातल्या टर्पिनेन-४-ऑल या घटकाचे वाइप्स डॉक्टर लिहून देतात. ऑनलाइन मागवलेलं शुद्ध टी ट्री तेल घरी पापणीला लावू नका, कॉर्निया भाजतो. डोक्यात कोंडा असेल तर त्याचेही उपचार बरोबरीने हवेत, आठवड्यातून दोनदा किटोकोनॅझोल २ टक्क्यांचा शाम्पू वगैरे, नाहीतर वरून खाली पडणारा माल थांबत नाही.

औषधांबद्दल थोडक्यात. रात्री सफाईनंतर ॲझिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक मलम, तांदळाच्या दाण्याएवढं, धुतलेल्या बोटाने कडेवर. दिवसा कृत्रिम अश्रू; चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले. एका वेळी एकच थेंब पुरतो, कारण खालच्या पापणीच्या आतल्या खोबणीत सुमारे ३० मायक्रोलिटर मावतं आणि बाटलीतला एक थेंब तेवढा किंवा त्याहून मोठाच असतो. दोन औषधांमध्ये पाच मिनिटांचं अंतर. मागच्या ग्रंथींचा आजार जुना असेल तर डॉक्टर काही आठवडे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात. ती गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत चिकटून जळजळ होते. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालची मुलं यांना ती देत नाहीत.

टेबलावर मांडलेल्या त्या बाटल्यांकडे आता येऊ. त्यांतल्या निदान एकीवर डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेलं असतं. हे स्टेरॉइड. कधी शेजाऱ्याने सुचवलेलं, कधी जुन्याच चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून पुन्हा पुन्हा आणलेलं. दोन दिवसांत लाली जाते ती याच्यामुळेच. डॉक्टरही भडकलेल्या दाहात ते देतात, पण मोजून थोडे दिवस आणि डोळ्याचा दाब तपासत. महिनोन्‌महिने घातलं तर काही जणांच्या डोळ्याचा दाब न दुखता वाढतो आणि गेलेली नजर परत येत नाही. शिवाय मोतीबिंदू लवकर धरतो. म्हणून आम्ही प्रत्येक बाटली हातात घेऊन नाव वाचतो, आणि असं औषध बराच काळ चालू असेल तर दाब त्याच भेटीत मोजतो. घरी असेल तर तुम्हीही आज त्या बाटलीवरचं नाव वाचा.

रांजणवाडीचा प्रश्नही याच खुर्चीत येतो. केसाच्या मुळाशी दुखरी, लाल पुटकुळी म्हणजे झाइस किंवा मोल ग्रंथीचा संसर्ग. पापणीच्या आत, न दुखणारी, वाटाण्यासारखी गाठ म्हणजे तुंबलेल्या मायबोमियन ग्रंथीचा कॅलेझियन. दोन्हींना शेक दिवसातून चार वेळा, आणि फोडायची नाही. लवंग उगाळून लावण्याची चाल अजून बऱ्याच घरांत आहे. लवंगेचं तेल डोळ्यात ओघळलं तर कॉर्नियाला इजा होते, म्हणून ते टाळा. ज्यांना वर्षात तीन-चार रांजणवाड्या होतात त्यांच्या कडा तपासल्या की बहुतेक वेळा मूळ दुखणं हेच सापडतं.

मुंबईत या आजाराला खतपाणी घालणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. घाम आणि दमट हवा, बांधकामांची धूळ, आणि त्यावर दिवसभर एसी ऑफिसात स्क्रीनसमोर बसणं. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटणारी पापणी स्क्रीनसमोर फार कमी मिटते आणि पुष्कळदा अर्धीच. ग्रंथीतलं तेल पूर्ण मिटण्याच्या दाबानेच बाहेर येतं. लोकलमध्ये बोरिवली ते चर्चगेट मोबाइलवर मालिका बघणाऱ्यांनाही हेच लागू. मग लेडीज डब्यातलं काजळ. हलत्या गाडीत, खालच्या पापणीच्या आतल्या ओल्या पट्टीवर ओढलेली रेघ नेमकी मायबोमियन तोंडांवरून जाते. स्लिट लॅम्पखाली प्रत्येक तोंडात काळा ठिपका बसलेला दिसतो. काजळ सोडवत नसेल तर केसांच्या बाहेर, त्वचेवर लावा, रात्री काढून झोपा, पेन्सिल कुणाला देऊ नका आणि मस्कारा तीन महिन्यांनी टाकून द्या.

दुसरी भेट चार ते सहा आठवड्यांनी. ‘काही फरक नाही’ असं कुणी म्हणालं की आम्ही औषध बदलायच्या आधी त्यांना आरशासमोर सगळं करून दाखवायला सांगतो. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. शेक दोन मिनिटांचा असतो, मालिश गोल असते, सफाई टोकांची. किंवा बरं वाटलं म्हणून दहाव्या दिवशी थांबवलेलं असतं. रुग्णाच्या आळसाला याचा दोष देणं मला पटत नाही. डोंबिवलीहून सकाळी साडेसहाची गाडी पकडणाऱ्या बाईला सकाळी १५ मिनिटं कुठून मिळणार? तिला आम्ही सकाळचा शेक वगळून फक्त सफाई ठेवायला सांगतो आणि रात्रीचा शेक पक्का करतो. निभावता येईल इतकंच अंगावर घेतलेलं काम अर्धवट सोडलेल्या आदर्श यादीपेक्षा जास्त गुण देतं.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर हे सगळं तिच्या आधी. कडेवरचे जिवाणू शस्त्रक्रियेत डोळ्याच्या आत गेले तर होणारा संसर्ग नजर घालवू शकतो. शिवाय अश्रूंचा थर फाटका असताना कॉर्नियाची वक्रता चुकीची मोजली जाते आणि लेन्सचा नंबर चुकतो. आजोबांची तारीख तीन-चार आठवडे पुढे ढकलली म्हणून घरचे वैतागतात, पण ते आठवडे सार्थकी लागतात.

काही गोष्टी घरी शेकत बसायच्या नाहीत. एकाच बाजूची पापणी, औषधांना दाद न देणारी, केस गळलेली. पन्नाशीनंतर त्याच जागी पुन्हा पुन्हा येणारी ‘कॅलेझियन’. तेलग्रंथीचा कर्करोग असाच वेश घेऊन येतो, आणि भारतात तो पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त प्रमाणात आढळतो. गाठ काढली तर ती बायोप्सीला पाठवायला सांगा. पापणी सुजून ताप आला, डोळा हलवताना दुखू लागला, पुढे आल्यासारखा दिसला किंवा एकाचे दोन दिसू लागले तर रात्र काढू नका. केईएम, सायन, नायरसारख्या मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा. प्रकाश सहन होत नसेल, नजर कमी झाली असेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.

तिसऱ्या भेटीला, साधारण तीन महिन्यांनी, पुन्हा तोच क्रम. केस, सेकंद, मग दाबणं. खपल्या बहुतेक गेलेल्या असतात, सेकंद चारावरून आठ-नऊवर आलेले असतात. काही ग्रंथी कायमच्या आटलेल्या राहतात, त्या परत येत नाहीत, आणि हे आम्ही स्पष्ट सांगतो. बाकीच्यांतून दाबल्यावर गढूळ का होईना, पण पातळ थेंब येतो. इथून पुढे शेक आणि सफाई दिवसातून एकदा, रात्री दात घासण्याला जोडून. पुरचुंडीतले तांदूळ महिन्याने बदलायचे, वास येऊ लागला तर आधीच. पुढची तारीख सहा महिन्यांनी, आणि त्या दिवशीही काजळ न लावता.